रक्षाताई, टेनिसचं कोर्ट नको, टेबल द्या

प्रति,
मा. श्रीमती रक्षाताई खडसे,
केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री, नवी दिल्ली

ताई,

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कामाच्या धबडग्यात पत्र अर्ध्यावर राहिलं तरी चालेल. मुक्ताईनगर तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत आणि मुलींच्या प्रत्येक वसतिगृहात टेबल टेनिसचं एक टेबल हवं आहे. आणि ते मुलींना खेळायला मिळेल अशी व्यवस्था हवी आहे. या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. पुढचा सगळा मजकूर ही मागणी याच तालुक्यातून, याच खेळासाठी आणि तुमच्याकडेच का करतो आहे, त्याबद्दल आहे.

२०२४ च्या जूनमध्ये तुमच्याकडे क्रीडा खातं आलं तेव्हा गावाला आनंद झाला. कोथळीची सरपंच राहिलेली बाई देशाच्या खेळांचा कारभार पाहणार, याचं अप्रूप वाटणारच. पण खेळाशी नातं असलेली बाई या भागातून मोठ्या पदाला पोचल्याची ही पहिली वेळ नाही. आपलं गाव कागदोपत्री एदलाबाद होतं तेव्हा, १९६७ ते १९८५ अशी सलग अठरा वर्षं, इथल्या मतदारांनी विधानसभेत ज्यांना पाठवलं त्या प्रतिभाताई पाटील कॉलेजात टेबल टेनिस गाजवून आल्या होत्या. त्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या हे आपल्या पोरांना पाठ आहे, कारण ते परीक्षेत विचारतात. त्यांच्या हातात आधी बॅट होती, हे कोणी विचारत नाही.

त्यांच्या टेबलापर्यंत यायचं तर आधी टेनिसकडे जावं लागेल, कारण टेबल टेनिस हे नावापासूनच त्याचं धाकटं भावंड. आणि थोरल्याची गोष्ट मराठी घरातलीच आहे.

१९३४ साली विम्बल्डनच्या हिरवळीवर लीला राव नावाची मुंबईची मुलगी उतरली. पहिला सेट तिने ४-६ असा गमावला, दुसरा १०-८ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ ने घेतला. समोर ग्लॅडिस साउथवेल होती. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी लीला ही पहिली भारतीय बाई. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा आदामॉफने तिला हरवलं. देशात परतल्यावर चाळीसच्या दशकापर्यंत अखिल भारतीय विजेतेपद तिच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिलं. हे सगळं त्या काळात, जेव्हा आपल्या भागात मुलगी सातवीपर्यंत शिकली तरी पुष्कळ झालं असं म्हणत.

लीलाबाईंच्या खेळापेक्षा मला त्यांच्या घराचं जास्त कुतूहल आहे. त्यांची आई म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. तुकोबांच्या गाथेच्या सरकारी प्रतीवर काम केलेल्या शंकर पांडुरंग पंडितांची ही मुलगी. अगदी लहान असताना वडील गेले. पुढे मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झालं आणि या बाईंनी दोन गोष्टी एकाच जिद्दीने केल्या: संस्कृतात लिहिणं आणि टेनिस खेळणं. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. इंग्रजी अमलात इथे छापणं अवघड म्हणून ती १९३२ मध्ये पॅरिसहून निघाली. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची संस्कृत चरित्रंही त्यांनी रचली. म्हणजे ताई, आपल्या मुक्ताईच्या थोरल्या भावाचं चरित्र श्लोकांत लिहिणारी बाई कोर्टवर रॅकेट घेऊनही उभी राहत होती, आणि तिचं बघून तिची मुलगी विम्बल्डनला गेली. कोथळीला मुक्ताईच्या देवळात कीर्तनकारांनी हे एकदा सांगावं, अशी माझी फार इच्छा आहे. लोक ऐकतील.

लीलाबाईंनी पुढे हरीश्वर दयाल या आयसीएस अधिकाऱ्याशी लग्न केलं. ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. त्या स्वतः नृत्य आणि संस्कृत नाट्य यांवर लिहीत राहिल्या, आईच्या कथांवरून त्यांनी नाटकं रचली. आज मराठी शाळेच्या एकाही वर्गात त्यांचं नाव निघत नाही. सानिया मिर्झाचं नाव मुलींना ठाऊक असतं, ते असायलाच हवं. पण सानियाच्या सत्तर वर्षं आधी विम्बल्डनला जिंकून आलेली बाई आपल्याच भाषेच्या घरातली होती.

आता यातली मेख सांगतो. लीलाबाईंना कोर्ट मिळालं, कारण घरात ते परवडत होतं आणि आई स्वतः खेळत होती. त्या पिढीच्या भारतीय टेनिसचं बहुतेक असंच आहे. एक तर घराणं, नाही तर जिमखाना, नाही तर साहेबाचा क्लब. आपल्याकडे १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, जळगाव आणि धुळे ही जिल्ह्याची ठाणी ठरली. अशा ठाण्यांत टेनिस आलं ते अधिकाऱ्यांबरोबर, आणि साहेबांची बदली व्हावी तसं कुंपणाच्या आतच फिरत राहिलं. चेंडू कुंपणाबाहेर आला तर गावातलं पोरगं तो परत फेकायचं; त्याचा खेळाशी संबंध एवढाच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, तिथे हिरवळ राखणं कोणाला जमणार होतं?

ज्यांना कोर्ट मिळालं त्यांच्यातही सगळे टेनिसमध्ये राहिले नाहीत. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळायचे. १९५१-५२ च्या सुमारास कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्यासमोर ते हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. कृष्णन १९५४ मध्ये विम्बल्डनचे कनिष्ठ विजेते झाले, १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षं तिथल्या पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत पोचले. नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. हरल्यावर खेळ बदलण्याचं शहाणपण आपण पोरांना शिकवत नाही, आपण त्यांना थेट पोलीस भरतीला पाठवतो. असो. नाटेकरांच्या मुलाने, गौरवने, वडिलांनी सोडलेलं टेनिस पुन्हा धरलं आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक आणलं.

१९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच यादीत तीन बॅटवाले होते: टेनिसचे कृष्णन, बॅडमिंटनचे नाटेकर आणि टेबल टेनिसचे जयंत व्होरा. पहिली दोन नावं क्रीडाप्रेमींना सांगता येतात. तिसरं मात्र माझ्या पिढीतल्या जाणत्यांनाही आठवावं लागतं.

टेबल टेनिसच्या वाट्याला हे नेहमीचंच. खरं तर विसाव्या शतकाच्या मध्याला हा खेळ आपल्या राज्यात ऐन भरात होता. १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती त्याआधी कधीच झाली नव्हती. तोवर बॅटवर टणक रबर असायचं, चेंडू लागला की टक् असा आवाज यायचा आणि समोरचा त्या आवाजावरून चेंडू कसा येतोय ते ओळखायचा. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाजच नाही. युरोपातले मोठमोठे खेळाडू चक्रावून गेले, आणि हा कोणाला फारसा ठाऊक नसलेला माणूस जगज्जेता झाला. बायकांत रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनू जिंकल्या. आपल्याकडे हैदराबादच्या सईद सुलताना तेव्हा राष्ट्रीय विजेत्या होत्या, मग पुण्याच्या मीना परांडे यांचं नाव देशभर झालं. क्रिकेटमध्ये बाईने हातात बॅट धरली तर लोक हसत होते त्या काळात टेबल टेनिसमध्ये बायका वर्तमानपत्रात फोटोसकट येत होत्या.

याच दशकात, मुंबईपासून चारशे किलोमीटरवर जळगावात, मूळजी जेठा (एम. जे.) महाविद्यालयात प्रतिभा पाटील नावाची मुलगी खेळत होती. जन्म बोदवडजवळच्या नाडगावचा, १९ डिसेंबर १९३४. शाळा जळगावची आर. आर. विद्यालय. एम. जे. कॉलेजातून त्यांनी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए. केलं, पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून वकिलीची पदवी घेतली. आंतरमहाविद्यालयीन टेबल टेनिस स्पर्धांतून त्या ढाली जिंकून आणायच्या. अधिकृत चरित्रांत ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते आणि लगेच १९६२ ची निवडणूक सुरू होते.

त्या एका वाक्यात केवढा ऐवज आहे, ते आमच्यासारख्या मैदानावर पोरी घेऊन हिंडलेल्या मास्तराला विचारा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे गाव सोडून जाणं. बस, रेल्वे, परक्या गावात मुक्काम. मुलीने संध्याकाळी उशिरापर्यंत हॉलमध्ये थांबणं. दोनशे लोक बघत असताना हरणं, आणि हरून परत हात मिळवणं. पन्नासच्या दशकात खानदेशातल्या किती घरांनी मुलीला हे करू दिलं असेल? प्रतिभाताईंच्या वडिलांनी, नारायणरावांनी करू दिलं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून आमदार झाल्या तेव्हा प्रचारसभेतल्या गर्दीसमोर उभं राहण्याची भीती त्यांना इतरांपेक्षा कमी वाटली असेल, तर त्याचं थोडं श्रेय मी त्या टेबलाला देतो. हा माझा तर्क आहे, पण पोरी खेळायला लागल्या की वर्गात हात वर करायला लागतात हे मी तीस-एक वर्षं बघितलंय. १९६२ च्याच चीन युद्धाच्या दिवसांत त्यांनी जळगावात महिला होमगार्डचं पथक उभं केलं आणि त्याच्या प्रमुख झाल्या. मुलींनी कवायत करावी ही कल्पना ज्या बाईला सुचते, ती कधीतरी घामाने भिजलेली असते.

पुढचं सगळं सर्वांना माहीत आहे: मंत्रिपदं, विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचं उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी, राजस्थानचं राज्यपालपद, आणि २००७ ते २०१२ राष्ट्रपती भवन. त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. ती करणारे करतील, या पत्राचा तो विषय नाही. मला दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात. नोव्हेंबर २००९ मध्ये, पंचाहत्तरीला महिना राहिला असताना, त्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसून आकाशात गेल्या. दाब सहन करायचा सूट घालून, शिडी चढून. आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनाला, प्रिन्स चार्ल्स शेजारी असताना, खेळ सुरू होऊ द्या असं त्यांनी जाहीर केलं. त्या पाच वर्षांत दर २९ ऑगस्टला मेरी कोम, सुशील कुमार, सायना नेहवाल यांच्यासारख्यांना पुरस्कार देणारे हात एकेकाळी एम. जे. च्या हॉलमध्ये सर्व्हिस करत होते, हे त्या सोहळ्यांच्या बातम्यांत मी तरी कधी वाचलं नाही.

आता आपल्या गावाकडे.

मुक्ताईनगरला कोणता खेळ मानवेल, याचा साधा हिशोब करा. इथे मे महिन्यात सकाळी नऊनंतर मैदानावर उभं राहवत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला सोडत नाही. हिवाळा उरतो तर केळीच्या, कापसाच्या कामाला पोरी घरच्यांबरोबर शेतात असतात. खोलीत खेळता येईल असा खेळ हवा. टेबल नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट उंच. भोवती फिरायला जागा सोडली तरी एक बऱ्यापैकी वर्गखोली पुरते. चेंडू तीन ग्रॅमचाही नाही. दोघींना एक बॅट-जोडी. गुडघा फुटत नाही, कपडे फाटत नाहीत, आणि मुलगी शाळेच्या छपराखाली असते. शेवटची गोष्ट मला स्वतःला फारशी आवडत नाही. मुलीने उघड्या मैदानावरही बिनधास्त धावावं असं माझं मत आहे. पण आईबाप ‘हो’ म्हणतात ते याच एका कारणाने, आणि मला आधी त्यांचा ‘हो’ हवा आहे.

टेनिसचं कोर्ट मी म्हणूनच मागत नाही. ते बांधायला निधी येईल, नारळ फुटेल, कोनशिलेवर नावं लागतील, आणि तिसऱ्या वर्षी त्यावर कोणीतरी मका वाळत घालील. ज्या खेळाने या जिल्ह्यातली एक मुलगी घडवल्याचा दाखला आहे तोच खेळ द्या. साधं, टिकाऊ टेबल पंचवीस-तीस हजारांच्या घरात मिळतं. तालुक्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांचा खर्च धरला तरी तुमच्या खात्याच्या पसाऱ्यात तो दिसणारही नाही. खेलो इंडियातून द्या, जिल्हा नियोजनातून द्या, खासदार निधीतून द्या. कोणत्या खिशातून ते तुम्हाला जास्त कळतं.

मात्र टेबल दिलं म्हणजे खेळ आला, असं समजू नका. मी नोकरीत असताना एका शाळेत सरकारी योजनेतून नवंकोरं टेबल आलं. वर्षभर ते प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं, खराब होऊ नये म्हणून. मग परीक्षा आल्या, तेव्हा त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले गेले. पुढच्या वर्षी पोषण आहाराची पोती. जाळी तर पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या कपाटात कुलपात गेली होती, चोरीला जाऊ नये म्हणून. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अशा शाळा गावोगाव आहेत. म्हणून टेबलाबरोबर तीन अटी घाला. आठवड्यातले निदान दोन तास वेळापत्रकात मुलींच्या नावाने लिहिलेले असावेत, आणि ‘मुलं खेळून झाल्यावर’ हा प्रकार बंद व्हावा. चेंडूंसाठी दरवर्षी थोडे पैसे यावेत, कारण चेंडू फुटतात, आणि डझनभर चेंडूंअभावी खेळ बंद पडलेला मी पाहिला आहे. आणि शिकवायला कोणीतरी असावं. भुसावळ शेजारी आहे. रेल्वेचे संघ राष्ट्रीय टेबल टेनिसमध्ये वर्षानुवर्षं दादा राहिले आहेत. रेल्वेत खेळून निवृत्त झालेली माणसं सापडतील. त्यांना महिन्यातून चार शनिवार मानधन देऊन बोलवा. त्यांनाही बरं वाटेल.

मोठं काही घडेल का? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनिका बत्रा आणि श्रीजा अकुला एकेरीत शेवटच्या सोळांत पोचल्या. भारताच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं. त्याच वर्षी आशियाई टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या महिला संघाने कांस्यपदक मिळवलं, तेही पहिल्यांदाच. म्हणजे हा खेळ आज आपल्या मुलींच्या बाजूने झुकला आहे. त्या दिल्ली-हैदराबादच्या आहेत, अंतुर्ली-कुऱ्ह्याच्या नाहीत, हे खरं. पण मी पदक मागतच नाही. दहावीला गणितात नापास झालेल्या पोरीचं लग्न ठरायच्या आधी तिला दोन वर्षं एखाद्या गोष्टीत जिंकता यावं, एवढंच सध्या पुरे आहे.

आणि ज्या गावाचं नावच एका मुलीवरून पडलं आहे, तिथे हे मागायला संकोच कशाला? चौदाशे वर्षांच्या चांगदेवाने वयाने लहान असलेल्या मुक्ताईला गुरू केलं, असं आपण मानतो. त्या चांगदेवाचं देऊळ आपल्याच तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. मुलींना मोठं म्हणायची सवय या मातीला जुनी आहे. आषाढीला आपण तिची पालखी पंढरपूरला नेतो. उरलेले अकरा महिने गावातल्या मुलींसाठीही थोडी जागा करावी, एवढंच म्हणणं आहे.

दुसरी विनंती लहान आहे. प्रतिभाताई नव्वदी पार करून गेल्या आहेत. तुमच्या खात्याने एक चांगला मुलाखतकार आणि एक कॅमेरा त्यांच्याकडे पाठवावा आणि राजकारण अजिबात न विचारता फक्त टेबल टेनिस विचारावं. जोडीला कोण होतं, बॅट कोणती होती, प्रवासाला बरोबर कोण यायचं, घरी काय म्हणायचे, कॉलेजने काय दिलं, काय नाकारलं. त्यांच्या बरोबरीने खेळलेल्या बायकाही आता थोड्याच उरल्या असतील. लीलाबाई रावांना असं कोणी वेळेवर विचारलं नाही. मुलाखत एम. जे. कॉलेजात ठेवा, आपल्या तालुक्याच्या वाचनालयात ठेवा, आणि तिच्यातली दोन पानं पाठ्यपुस्तकात जावीत यासाठी राज्य सरकारकडे शब्द टाका.

तिसरी विनंती विनंती नाहीच, निमंत्रण आहे. येत्या १९ डिसेंबरला, प्रतिभाताईंच्या वाढदिवशी, तालुक्यातल्या मुलींची टेबल टेनिस स्पर्धा मुक्ताईनगरात भरवू. नाव ‘एदलाबाद ढाल’ ठेवू. पंच आम्ही निवृत्त मास्तर होऊ, चहा-नाश्ता गाव बघेल. उद्घाटनाला या, पण भाषणाऐवजी पहिली सर्व्हिस तुम्ही करा. टेबलं त्याआधी, शाळा सुरू असतानाच पोचू द्या, म्हणजे पोरींना निदान तीन महिने हात बसवायला मिळतील. सुरुवात कोथळीपासून करा.

आपला,
मुक्ताईनगरचा एक निवृत्त क्रीडाशिक्षक